सोळा आकड्यांची किल्ली

कुलूप तोडल्याचा आळ माझ्यावर आला तेव्हा मला कुलूप तोडता येत नव्हतं. आज येतं. एवढा साधा क्रम मला माझ्या माणसांना पटवून देता आला नाही, आणि त्यावरून अजूनही माझं डोकं तापतं.

हे कुलूप एका ऑनलाइन गेमच्या फाइलींचं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी आळंदच्या एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, चाळिशी ओलांडली आहे, दोन्ही मुलं माझ्यापेक्षा उंच झालीत, आणि मी सहा वर्षं न चुकता तो गेम खेळले. आमच्या घरात मराठी, शाळा सगळी कन्नडातून, बाजारात गेलं की अर्धी उर्दू, आणि गेम इंग्रजीत. त्यात एक भलामोठा मुलूख असतो. सहा-सहा जणांची टोळी करायची, किल्ला बांधायचा, तट वाढवायचा, तळी खणायची. आमच्या टोळीत मी, निर्ण्याचा माझा चुलतभाऊ अण्णा, मादन हिप्परग्याचे मामा, दोन मावसभाऊ आणि त्यांतल्या धाकट्याची बायको. मामा बसखात्यातून रिटायर झालेले. मुलानं दिलेल्या टॅबवर त्यांनी किल्ल्यात एक तळं खणलं होतं, त्याची एकेक पायरी स्वतः बसवलेली. घरी आल्यागेल्याला चहाच्या आधी ते तळं दाखवायचे.

अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हुमनाबादला त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. माझे वडील, म्हणजे अप्पा, गेल्यापासून माहेर म्हणून जे काही मला उरलं ते अण्णाच. चोळी-बांगडी त्याच्याकडून, आजारपणात धावून येणं त्याचं, आणि मुलांची नावं ठेवताना मांडीवर घेऊन बसलेला तोच. हे मुद्दाम सांगते. परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

दर रविवारी चार वाजता गेममध्ये एक कोडं यायचं. कोड्यात मुलखातली एक जागा लपवलेली असायची. ती ओळखून जी टोळी सगळ्यांत आधी तिथं खणेल तिच्या किल्ल्यावर आठवडाभर निशाण. शेवटची दोन वर्षं ते निशाण बहुतेक आमच्याच किल्ल्यावर होतं, आणि कोडी सोडवायचे मी. लहानपणापासून घरात मला हुशार असं कुणी म्हटलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हाही सगळे 'नशीब काढलं पोरीनं' असंच म्हणाले. आणि आता मामा फोनवर ओरडायचे, "अक्काचं डोकं म्हंजी डोकं हाय बाबा!" ते म्हाताऱ्यानं नुसतं कौतुकानं म्हटलेलं, पण सोमवारी स्टाफरूममध्ये मी जरा ताठ बसायचे. नवरा चिडवायचा की कोडं सुटलं की त्या दिवशीच्या भाजीत मीठही बरोबर पडतं.

रविवारी साडेतीनला अण्णाचा फोन ठरलेला. मुलांचं, तुरीच्या भावाचं, इकडचं तिकडचं बोलायचा. चारला कोडं आलं की मी वाचायचे, आणि पाच मिनिटांत माझं मन कुठंतरी जाऊन थांबायचं. मला वाटायचं, ही माझी बुद्धी.

मग तो रविवार आला. त्या दिवशी फोनवर अण्णा म्हणाला, "शेतातली पश्चिमेची विहीर उपसायलोय गे. लई गाळ निघायलाय. येऊन बघ एकदा." मी बरं म्हटलं. चारला कोडं आलं: घंटा आहे पण देऊळ नाही, अशी जागा. माझ्या मनात पहिल्यांदा आला हत्तीखाना. मी तो टाइपही केला. मग वाटलं, इतकं सोपं कसं असेल? आणि डोक्यात विहीर घोळायला लागली. विहिरीवर मोट, मोटेला बैल, बैलांच्या गळ्यात घंटा. किती बेमालूम जुळलं! हत्तीखाना पुसून मी लिहिलं, पश्चिम दरवाजाची विहीर. सहाही जणांनी धावत जाऊन तिथं खणलं. काहीच निघालं नाही. जिंकलेल्या टोळीनं हत्तीखाना खणला होता.

सोमवारी सकाळी कुणालाच गेममध्ये जाता येईना. पडद्यावर चार ओळींची नोटीस होती. शुक्रवारी जी अपडेट आमच्या कॉम्प्युटरवर उतरते, तिच्यातल्या कुलूपबंद फाइलीत रविवारचं कोडं आणि उत्तर आधीच असतं. कुणीतरी ते चोरून वाचतंय असा संशय आल्यामुळे गेमवाल्यांनी या खेपेला फाइलीत खोटं उत्तर ठेवलं होतं, आणि आयत्या वेळी स्वतःच्या सर्व्हरवरून कोडंच बदललं होतं. खोट्या जागी फक्त आमची टोळी गेली. सहाही खाती कायमची बंद.

मामांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "अक्का, माजं तळं?"

संशय माझ्यावर जाणारच होता. उत्तर माझ्या तोंडचं. कॉम्प्युटर शिकवणारी टोळीत मी एकटी. त्यात एकदा मी गेमच्या फोल्डरमधून किल्ल्याचं नगारासंगीत काढून सगळ्यांना रिंगटोन म्हणून पाठवलं होतं. त्या फाइलीला कुलूपच नव्हतं, पण आता ते कोण ऐकतो? अक्का गेमच्या पोटात हात घालते, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं. तोंडावर कुणी बोललं नाही. नुसतं बोलणं कमी झालं.

येळवस आली. आमच्याकडं या अमावास्येला गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. अण्णाच्या शेतात कडब्याची खोप केली होती, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले होते. पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील असं जेवण विहिरीच्या काठावर बसून झालं. पानसुपारीला मामांनी विषय काढला. आम्ही सगळे लिंगधारी. बायकांच्या गळ्यातही चांदीच्या डबीत लिंग असतंच. मामा म्हणाले, "मनात किल्मिष नको. एकेकानं लिंग हातात घिऊन सांगा, मी न्हाई म्हनून. झालं, मिटलं."

मावसभावांनी सांगितलं. धाकट्याच्या बायकोनं पदर सारखा करून सांगितलं. अण्णानं डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "म्या न्हाई."

माझी पाळी आली आणि माझा हात उठेना. अप्पा म्हणायचे, लिंग तळहातावर घ्यायचं ते आपण त्याच्याकडं बघायला, दुसऱ्याला दाखवायला नाही. कज्जेदलालीत त्याला ओढायचं नाही. जमिनीच्या भांडणातसुद्धा त्यांनी कधी डबीला हात लावला नाही. मी म्हटलं, "मामा, मी काही केलं नाही. पण खेळासाठी लिंग हातात घेणार नाही." मला वाटलं, यांना कळेल. हीही तशाच घरांत वाढलेली माणसं.

मामांनी पान थुंकलं आणि उठून बैलांकडं गेले. तेवढ्यानं निकाल लागला. जिला शपथ घेता येत नाही ती चोर. परतताना धाकट्याची बायको माझ्या गाडीत बसायची ती थोरल्याच्या गाडीत बसली. मग संक्रांतीला हिप्परग्याहून तिळगूळ आला नाही. निर्ण्याच्या एका बारशाचं आमंत्रण मला नवऱ्याच्या फोनवर आलं. अण्णा तेवढा बोलायचा, आणि मला भरून यायचं की माझ्या बाजूनं एक तरी आहे.

मला राग धरता येतो, आणि तो वाया जाऊ देत नाही. ठरवलं, त्या फाइलीत होतं काय ते बघायचं. परीक्षेचे पेपर तपासून एक गोष्ट मी शिकले आहे. बरोबर उत्तर शंभर पोरं लिहितात, त्यावरून काही कळत नाही. पण दोघांची एकच चूक, तीही त्याच जागी आणि त्याच शब्दांत, म्हणजे एकानं दुसऱ्याचं बघितलं. फाइलीतली उत्तरं समोर आली तर कुणाची चूक कुठून आली ते दिसेल. उन्हाळ्याची सुट्टी लागली. दुपारी घर झोपलं की मी कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसायचे.

शुक्रवारच्या जुन्या अपडेट माझ्या लॅपटॉपवर तशाच पडून होत्या. अशी फाइल म्हणजे एक गाठोडं. गाठोड्याच्या तोंडाशी अनुक्रमणिका: आतल्या कुठल्या वस्तूचं नाव काय, ती कितव्या बाइटपासून सुरू होते, केवढी आहे. हे उघड्यावर होतं, दोन दिवसांत वाचता आलं. पण वस्तू काढून बघितली की नुसता गोंधळ. चित्र चित्रासारखं नाही, मजकूर मजकुरासारखा नाही. तीन आठवडे मी आकड्यांच्या रांगा बघत बसले. मुलगा म्हणायचा, आई, तू तांदूळ निवडतेस असं वाटतं.

मग एक लक्षात आलं. गोंधळातसुद्धा काही ठिकाणी तेच सोळा आकडे पुन्हा पुन्हा येत होते. म्हणजे सोळा आकड्यांची एक किल्ली होती, आणि ती शिक्क्यासारखी मजकुरावर ओळीनं मारत नेलेली होती. या शिक्क्याची गंमत अशी की तोच पुन्हा मारला की मूळ मजकूर परत येतो. पण किल्ली आणायची कुठून? उत्तर चित्रांत होतं. गेममधली चित्रं ज्या जातीची, त्या जातीच्या प्रत्येक चित्राच्या फाइलीचे पहिले सोळा बाइट ठरलेले असतात. चित्र हत्तीचं असो की माझ्या लेकीचं, सुरुवात तीच. म्हणजे मूळ काय होतं ते मला ठाऊक, कुलूप लागल्यावर काय झालं ते समोर. दोन्ही एकमेकांवर ठेवले, आणि सोळाच्या सोळा आकडे हातात आले. पहिलं चित्र उघडलं ते एका पायरीचं. मामा ज्या पायऱ्या तळ्याला बसवायचे त्यांतली ती एक होती. मी टाळी वाजवली आणि मग एकटीच रडले.

मजकुराच्या फाइली कुलपाच्या आत आणखी दाबून बसवलेल्या होत्या. ते दाबणं सगळीकडं वापरात असतं तसलंच, त्यामुळे त्या तासाभरात सुटल्या. तक्ता समोर उभा राहिला. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात कोडं, तिसऱ्यात जागा.

उत्तरेचा बुरूज. त्या रविवारी अण्णा फोनवर म्हणाला होता, "उत्तरेकडनं गार वारं सुटलंय गे, बुरुजावर बसल्यागत वाटायलंय." मी खालच्या ओळीवर गेले. मिठाची पेठ. "घरातलं मीठ संपलंय, तुझी वहिनी बोंबलायलीय." तुटका पूल. "भंगलेल्या पुलावर ट्रक अडकलाय, माल यायचा राहिलाय." मी एकेक ओळ वाचत होते आणि प्रत्येक ओळीला त्याचा आवाज ऐकू येत होता. माझं एकही उत्तर माझं नव्हतं. साडेतीनला तो पेरायचा आणि चारला उगवलं की मी बुद्धी समजून मिरवायचे. मला आधी दुःख झालं नाही, लाज वाटली. सोमवारी ताठ बसणारी ती बाई आठवली.

शेवटच्या ओळीत खोटं उत्तर होतं, पश्चिम दरवाजाची विहीर. आणि मग आठवलं की येळवसला आम्ही त्याच विहिरीच्या काठावर जेवलो होतो. विहीर उपसलेली नव्हतीच. पाण्यावर हिरवं शेवाळ काठापर्यंत दाटलेलं होतं. ते मला तेव्हा दिसलंही होतं, मी विचारलं नाही. आपल्या माणसाला कशाला विचारायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हुमनाबादच्या दुकानात गेले. अण्णानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी तक्ता कागदावर छापून नेला होता, तो गल्ल्यावर ठेवला. त्यानं वरून खालपर्यंत बघितला.

"व्हय," तो म्हणाला, "बघत होतो मी."

इतक्या सहज म्हणाला की मी ठरवून नेलेलं सगळं निरुपयोगी झालं. मी विचारलं, "तू कसं उघडलंस? तुला तर बिलं टाइप करायची म्हटलं तरी पोरगी लागते."

"मला काय येतंय त्यातलं? नेटवर तयार मिळायचं. हिकडनं फाइल टाकायची, तिकडनं समदं भाईर."

"मग उत्तर तू सांगायचं होतंस. माझ्या तोंडून कामून?"

"मी सांगितलो असतो तर कोन इस्वास ठिवला असता? बारावी नापास दुकानदार मी. तू मास्तरीन. तुझ्या तोंडी सोभतंय." मग तो हसला, नेहमीसारखा, प्रेमानं. "आन् तुलाच मोठं केलो की गे मी. दोन वर्सं समदे अक्का अक्का करायलते. तुला बरं वाटायलतं का न्हाई, सांग."

बरं वाटत होतं. तेच तर मला सोसेना.

"आणि लिंग हातात घेतलंस ते?"

त्यानं गिऱ्हाइकाकडं बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "खेळासाठी लिंग हातात घेनार न्हाई, तूच म्हनलीस. म्हंजी खेळ काय एवढा मोठा न्हाई. मग खेळातलं खोटं त्याला कामून लागंल?"

अप्पांकडून शिकून मी बोललेलं वाक्य त्यानं माझ्याच गळ्याला लावलं. मी म्हटलं, "मामांना सांग. एवढं एकच कर."

"न्हाई गे. माज्यामुळं तळं गेलं म्हनून कळलं तर म्हातारा उंबऱ्यात पाय ठिवू देनार न्हाई. मला हितंच ऱ्हायचंय, सोयरीकी करायच्यात. तुजं काय, तू आळंदात असतीस." हे त्यानं हिशेब समजावावा तसं समजावलं. माझ्या नावाची किंमत त्यानं आधीच करून ठेवलेली होती, आणि ती कमी निघाली होती.

मग मी सगळ्यांना हिप्परग्याला मामांच्या घरी बोलावलं. अण्णालाही. मला वाटलं येणार नाही. तो वेळेवर आला, येताना मामांसाठी केळी घेऊन आला. मी लॅपटॉप मधे ठेवला आणि वर्गात शिकवते तसं शिकवलं. हे गाठोडं, ही अनुक्रमणिका, ही किल्ली. त्यांच्या डोळ्यांसमोर फाइल उघडून दाखवली. कोडी एकाखाली एक आली. मामा चष्मा वर-खाली करत वाचत होते. मग मी रविवारच्या साडेतीनच्या फोनांचं सांगितलं, वारं, मीठ, पूल, विहीर.

धाकटा मावसभाऊ म्हणाला, "अक्का, अण्णा तर मलाबी फोन करतोय की. मीठ संपल्यालं मलाबी सांगतोय."

अण्णा केळ्याची साल काढत होता.

मामांनी चष्मा काढला. पडदा सोडून ते माझ्याकडं वळले. "म्हंजी तुला उघडाय येतंय."

"मी आत्ता शिकले मामा. या सुट्टीत. हे दाखवायलाच शिकले."

"आत्ता आमच्या म्होरं उघडलीस की, चुटकीसरशी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. सहा महिने गळ्यात अडकलेलं काहीतरी गिळल्यासारखे ते मोकळे झाले होते. थोरल्यानं मान हलवली. धाकट्याच्या बायकोनं तोंडावर पदर घेतला. आणि मला कळलं की माझ्याजवळचा एकमेव पुरावा मी स्वतःच्याच विरुद्ध मांडून बसले आहे. ज्यानं चोरी केली त्याला काहीच येत नव्हतं, म्हणून त्याच्यावर कधीच संशय येणार नव्हता.

मी अण्णाकडं बघितलं. एक शब्द. अजूनही मी त्याच्यावर विश्वास ठेवून होते, त्या क्षणीसुद्धा, हे लिहिताना माझाच मला संताप येतो.

अण्णानं साल ताटलीत ठेवली. "जाऊ द्या मामा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दाटून आला होता. "आपलंच लेकरू हाय. चुकली असंल. माफ करा तिला."

मामा उठले, माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला. "झालं गेलं. तू सांगितलीस, मोटं मन तुजं." धाकट्याची बायको येऊन मला बिलगली. थोरला म्हणाला, जेवूनच जा आता. सहा महिन्यांनी त्या घरात माझ्यासाठी ताट मांडलं जात होतं, आणि अण्णा त्यांच्याबरोबर पाट मांडत होता.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी तो बोलले नाही. मला माहेर परत हवं होतं. त्यानं केलेल्या चोरीची माफी मी घेतली आणि त्याच्या शेजारी जेवायला बसले.